भागीरथीमावशीची चौकशी

भागीरथीमावशी गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, मी ते वाचलं. देवरुखच्या तहसील कचेरीत माझ्या टेबलावर निराधार अनुदानाच्या याद्या येतात, गावोगावच्या तलाठ्यांनी पाठवलेल्या, कार्बनच्या निळ्या अक्षरांतल्या. गेल्या महिन्यात अशीच एक यादी तपासताना तिच्या नावावर तांबडी रेघ दिसली आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द : मयत. वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हे खरं कशावरून? जिवंत माणसं कागदावर मेलेली मी याच टेबलावर पाहिली आहेत... कधी नावात घोटाळा, कधी भाऊबंदकी, कधी नुसता तलाठ्याचा कंटाळा. म्हणून पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने निघालो, संगमेश्वरच्या अलीकडे उतरलो आणि सोनवीच्या काठाने चालत तिच्या वाडीत गेलो. अंगणात पोचायच्या आधीच वाटेतल्या बोलण्यातून समजलं की यादी खरी होती. तेरावंही होऊन गेलं होतं.

तिचं खरं नाव भागीरथी नव्हतं. ते छापू नये असं तिच्या घरच्या माणसाने सांगितलं, आणि बाकी सगळं लिहायला हरकत नाही असंही सांगितलं. वाडीचं नावही मी लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

ऐंशी सालानंतर शासनाने वृद्ध, विधवा, अपंग अशा निराधार माणसांना दरमहा अनुदान द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि त्या भागात तलाठी म्हणून नवीनच आलो होतो. योजना नवी, मीही नवा. आमचे सर्कलसाहेब, म्हणजे पाच-सहा तलाठ्यांवरचे अधिकारी, पहिल्याच बैठकीत म्हणाले, "फुकट मिळतंय म्हटल्यावर माणूस जिवंत बापाला मेला म्हणतो. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच चौकशीला जायचं." हा उपदेश मी फार मनावर घेतला. कुणी साठ वर्षांचा आहे म्हणाला की मी त्याच्या धाकट्या भावाचं वय आधी विचारायचो. कुणी घरात काही नाही म्हणाला की मी न विचारता कणगीचं झाकण उचलायचो. वाडीतल्या बायका माझ्या पाठीमागे मला 'हुंगणारा भाऊसाहेब' म्हणत. मला ते कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला होता.

भागीरथीमावशी पहिल्या यादीतच होती. 'विधवा, निराधार' असं तिच्या नावापुढे लिहिलेलं. अर्ज ग्रामपंचायतीच्या कारकुनाने भरला होता, खाली तिचा अंगठा. साताठ महिने पोस्टमन तिला मनिऑर्डर आणून देत होता. मग एक दिवस कचेरीकडून माझ्याकडे एक निनावी अर्ज चौकशीला आला. शाळेच्या वहीचा कागद, सुबक अक्षर, दोनच ओळी : 'सदर बाईचा नवरा मेलेला नाही. मेहेरबानी करून तिचे पैसे बंद करावे.' निनावी अर्ज मी तोवर बरेच वाचले होते. त्यांत विष असतं, शिव्या असतात, लिहिणाऱ्याची पोटदुखी असते. यात तसलं काहीच नव्हतं. त्याचाही मला संशय आला. इतकं शांतपणे लिहिणारा माणूस पक्की माहिती असलेलाच असणार, असं मी धरलं.

काजूचा हंगाम होता. ती पडवीत बसून दगडावर काजू फोडत होती. दुसऱ्यांचे काजू, मजुरीने. तिची बोटं काजूच्या तेलाने काळी पडून सालटलेली होती. कपाळावर कुंकू, गळ्यात काळे मणी. मी उभ्यानेच विचारलं, "मावशी, नवरा कधी वारला?"

ती हातातला दगड तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वारला कोन म्हनतो?"

"तुम्हीच म्हणताय. अर्जावर तुमचा अंगठा आहे."

"अंगठा हाय. वर काय लिवलंय ते माला कोनी वाचून दाखवलं नाय."

नवरा मुंबईला एका खानावळीत कामाला होता. पहिली काही वर्षं शिमग्याला यायचा, मग यायचा बंद झाला. पत्र नाही, निरोप नाही. एवढं तिने सांगितलं. मग तो जिवंत आहे का, या प्रश्नावर ती म्हणाली, "माला ठावं नाय," आणि पुन्हा काजू फोडायला लागली. मी घराच्या मागे गेलो. वलणीवर धुतलेला पुरुषाचा सदरा होता. विचारलं तर म्हणाली, कामावरच्या बाईने पोतेऱ्याला दिला. पोतेऱ्याचा सदरा कुणी इतका चोळून धूत नाही. चुलीपाशी दोन ताटल्या उपड्या घातलेल्या. मी सगळं मनात टिपून घेतलं.

चार दिवसांनी न सांगता भर दुपारी गेलो. दार आतून लोटलेलं होतं. मी हाक मारणार एवढ्यात आतून कुणीतरी खोकलं, आणि लगेच त्याच्यावर मावशी मोठ्याने खोकली. दोन खोकले वेगळे होते. दार उघडून ती चौकटीतच उभी राहिली, दोन्ही हात दोन्हीकडे टेकून. मी आत बघायचं आहे म्हटलं. ती म्हणाली, "नको भाऊसाहेब. पैसं बंद करा. पन आत येऊ नका." मला एवढं पुरेसं होतं. मुंबईचा नवरा लपूनछपून येतो, पैसेही आणत असेल, आणि ही बाई त्याला मेला दाखवून सरकारला फसवते... मी माझ्या तलाठी चौकीत बसून एकटाकी अहवाल लिहिला : पती हयात असून घरी येत-जात असावा असा दाट संशय आहे, सबब अनुदान बंद व्हावे. अनुदान बंद झालं. सर्कलसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर ती मला पाणंदीत, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, साकवाच्या पुलावर कितीदा तरी भेटायची. बाजूला होऊन वाट द्यायची आणि म्हणायची, "बरं हाय ना भाऊसाहेब?" आवाजात राग नाही, गाऱ्हाणं नाही. ज्याचं खरंच नुकसान झालं तो भांडतो. ही भांडत नाही, म्हणजे माझंच बरोबर होतं, असं मी स्वतःला सांगायचो. तरी तो अर्ज कुणी केला हे मला छळत होतं. ग्रामपंचायतीच्या कारकुनाचं अक्षर मी पडताळून पाहिलं. शेजारच्या घरातल्या, तिच्याशी बांधावरून भांडणाऱ्या दिराचं पाहिलं. जुळलं नाही. वाडीतल्या शाळेचे गुरुजी तेवढे मी सोडले होते, कारण ते माझ्या तोंडावर तिची बाजू घेत. "त्या बाईला पैशाची हाव नाही हो," असं ते मला दोनदा म्हणाले होते.

गणपती होऊन गेले आणि एके दिवशी ती चौकीत आली. उताऱ्यासाठी आलेली माणसं होती. ती भिंतीला टेकून बसून राहिली. सगळे गेल्यावर उठली आणि म्हणाली, "तुमाला आत बघायचं होतं ना? चला, बघा."

वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, काहीतरी डाव आहे. कुणी मारायला बसलं असेल, नाहीतर चार माणसं जमवून तलाठी बाईच्या घरात घुसला असा आरोप करायचा असेल. मी मुद्दाम पाठीमागून चालत होतो. घरात शिरल्यावर तिने आतल्या खोलीचं दार उघडलं. खोलीला खिडकी नव्हती. कोपऱ्यात घोंगडीवर एक माणूस बसला होता. नाक बसलेलं, भुवया झडलेल्या, हातांची बोटं अर्ध्यावर संपलेली. उजव्या पायाला फडकं बांधलं होतं आणि त्यातून येणारा वास कडुलिंबाच्या धुरालाही दबत नव्हता. त्याने मला बघून तोंड भिंतीकडे वळवलं.

"ह्येच त्ये," मावशी म्हणाली. "तुमी लिवलंत ते खोटं नव्हतं."

रक्तपिती. आमच्याकडे कुष्ठरोगाला हेच नाव, आणि तेही लोक पुरतं उच्चारत नाहीत. खानावळीच्या मालकाला हातावरचे चट्टे दिसले तसा त्याने याला काढून टाकलं. पाच-सहा वर्षं तो मुंबईत कुठे कुठे राहिला ते त्याने तिलाही कधी नीट सांगितलं नाही. मग एका शिमग्यात, सगळा गाव पालखीबरोबर तिच्या चौथऱ्यापाशी, सहाणेवर, होता तेव्हा, तो नदीकडच्या वाटेने मागच्या दाराने घरात आला. तेव्हापासून आतल्या खोलीतच होता. अंगणात पावलं वाजली की कणगीच्या आड जायचं आणि श्वाससुद्धा रोखायचा, असं तिने त्याला शिकवलं होतं. माझ्या अहवालाच्या वेळी त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षं त्या बाईने वाडीत कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आता मात्र पाय सडत चालला होता, आणि तिच्या झाडपाल्याच्या औषधाने काही होत नव्हतं.

मी विचारलं, "मला कशाला सांगितलंत? गुरुजी होते, पोस्टमन होता, तुमची माणसं होती..."

तिचं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. ती म्हणाली, "त्येंचा समद्यांवर इश्वास. एकाला सांगितलं की सांजपातूर गावाला कळंल. तुमचा कोनावर इश्वास नाय. तुमी कोनाला सांगायचा नाय."

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात पुढे केला नाही. तिने एक क्षण वाट पाहिली आणि तांब्या बाजूला ठेवला. "असूंदे," म्हणाली, "तुमच्या जागी मीबी घेतलं नसतं." त्या दिवशी बिऱ्हाडी येऊन मी हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, दोनदा. पुढे कितीतरी महिने आंघोळ करताना अंगावर कुठे फिकट चट्टा आहे का ते बघत असे. दंडावरच्या एका जुन्या डागाला सुई टोचून दुखतंय का याची खात्री करत असे. बायकोला काही सांगितलं नव्हतं. तिला भलताच संशय यायला लागला होता.

पण मी कुणाला सांगितलं नाही, हे खरं. संगमेश्वरला सरकारी कुष्ठरोग पथकाचा एक माणूस सायकलवरून फिरायचा, त्याला मात्र गाठावं लागलं. तो जुना जाणता माणूस होता. म्हणाला, मी फक्त त्या एकाच घरात गेलो तर वाडी समजून जाईल. मग तो हिवतापाच्या तपासणीचं निमित्त करून सगळ्या वाडीत घरोघर फिरला, प्रत्येकाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आणि तिच्या घरात जरा जास्त वेळ थांबला. असा तो महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिला. पायाची जखम त्याने धुऊन, बांधून, मावशीला शिकवून हळूहळू भरत आणली. गोळ्या सुरू केल्या. रोज आपल्यासमोर गोळी गिळायची असा नियम मावशीने नवऱ्याला घातला होता की काय कोण जाणे, एकही दिवस चुकला नाही.

मी तिचं अनुदान पुन्हा सुरू करायच्या मागे लागलो. खरं तर त्या आजाराच्या माणसालाही योजनेत मदत होती. डॉक्टरचा दाखला जोडायचा, की झालं. पण यादी समितीसमोर जायची, समितीत गावोगावची माणसं असायची, नावं मोठ्याने वाचली जायची. मावशी नको म्हणाली. मग मी नायब तहसीलदारांकडे गेलो आणि म्हटलं, माझी चौकशी चुकली, बाई खरोखर निराधार आहे, वृद्ध म्हणून तिचं नाव घ्यावं. त्यांनी माझा जुना अहवाल काढून समोर ठेवला.

"नवरा हयात आहे असं तुम्हीच लिहिलंत. आता तो कुठे गेला?"

मी म्हटलं, बाई निराधार आहे, एवढं खरं.

"तुम्हीच बंद करता, तुम्हीच सुरू करा म्हणता," ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले. "किती घेतलेत?"

तोपर्यंत दुसऱ्याकडे संशयाने बघणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. आपल्याकडे तसं कुणी बघितलं की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. तोंडातून एक शब्द काढला असता तर सुटलो असतो. तो काढला नाही, आणि दोन महिन्यांत माझी बदली खाडीकडच्या गावांत झाली. कचेरीत कुजबुज झाली ती वेगळीच. मावशीला सांगायला गेलो तेव्हा ती काजू फोडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "माज्यापायी तुजं नाव वाईट झालं." त्या दिवसापासून ती मला अरे-तुरे करायला लागली. निघताना मी पाणी मागितलं. तिने दिलं. मी प्यालो... भीती गेली नव्हती, तरी प्यालो.

पुढची तीन वर्षं मी लांब होतो. आजार बरा झाल्याचा, आता संसर्ग नसल्याचा दाखला पथकाने दिला, तेव्हा मावशीने वाडीला आपणहून सांगितलं. नवऱ्याला हाताला धरून पडवीत आणून बसवलं आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगितलं, की हे इतकी वर्षं इथेच होते. वाडी हादरली. तिच्या हाताखालून गेलेलं भाताचं रोप, तिने सोललेले काजू, तिने भरलेलं पाणी सगळ्यांना आठवायला लागलं. विहिरीवर तिची पाळी शेवटची झाली. मजुरी सुटली. गुरुजी तेवढे संध्याकाळी शाळा सुटल्यावर तिच्या पडवीत, रस्त्यावरून दिसेल असे बसून चहा प्यायचे. त्यांचं बघून हळूहळू आणखी दोघे-चौघे यायला लागले. सगळे नाहीत. त्याच वर्षी नव्या तलाठ्याने वृद्ध म्हणून तिचा नवा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. नायब तहसीलदारही तोवर दुसरे आले होते.

मी देवरुखला आल्यावर ती वर्षातून एकदा कचेरीत यायची, आपण हयात आहोत हे दाखवायला. अंगठ्याला शाई लावली तरी लगेच उठवायची नाही. "वाच," म्हणायची. "वर काय लिवलंय ते समदं वाच." मी रकान्यांची नावंसुद्धा वाचून दाखवायचो. एकदा गमतीने म्हटलं, मावशी, माझ्यावर अजून विश्वास नाही का? ती म्हणाली, "तुज्यावर हाय. कागदावर नाय." गेल्या वर्षी आली तेव्हा खूप वाळली होती. जिन्यावर दोनदा बसली. दवाखान्यात दाखवा म्हटलं तर म्हणाली, मी तिथे अडकले तर घरी ह्यांना कोण बघणार...

तर त्या रविवारी मी तिच्या अंगणात पोचलो तेव्हा गुरुजी पडवीत बसले होते. आता निवृत्त झालेत, कान जरा मंद झालेत. मावशीला ताप आला, तीन दिवसांत सगळं आटोपलं, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "भाऊसाहेब, एक सांगायचं राहिलंय. आता ती नाही, म्हणून सांगतो. तो निनावी अर्ज मी लिहिला होता."

जो एक माणूस मी संशयातून सोडला होता, तोच.

"तिने सांगितलं म्हणून लिहिला," ते म्हणाले. "पोस्टमनने एकदा सहज तिला म्हटलं, विधवांचे पैसे आलेत मावशी. त्याच दिवशी ती शाळेत आली. मला म्हणाली, जित्या माणसाच्या तेराव्याचं जेवण जेवत्येय मी दर महिन्याला, हे बंद करा. पण माझं नाव घालू नका. नाव का नको, हे मी विचारलं नाही. नवरा घरात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. पैसे बंद करायलासुद्धा घरात माणूस येऊन बघतो, हे तिला कुठलं माहीत?"

तिला फसवणारी ठरवून अहवाल लिहिला याचं ओझं मी इतकी वर्षं वागवत होतो. चौकटीत हात टेकून 'पैसं बंद करा' असं ती म्हणाली होती. ते मी कबुलीजबाब म्हणून ऐकलं होतं. ती तर विनंती होती. तिने स्वतःच मागितलेली एकुलती एक गोष्ट.

तिचा नवरा आत होता. आतल्या खोलीच्या भिंतीतले दोन चिरे काढून तिने तिथे खिडकी केली होती, तिच्या उजेडात तो बसला होता. यादी खरी असलीच तर मावशीच्या नावचं अनुदान तिच्याबरोबर संपणार, म्हणून मी त्याच्या नावाचा नवा अर्ज बरोबर नेला होता. रोगाच्या रकान्याशी मी थांबलो. तो म्हणाला, "लिवा नाव. आता कोनापासून लपवायचं?" सगळा अर्ज त्याला वाचून दाखवला आणि मग त्याच्या अर्ध्या अंगठ्याला शाई लावली.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. तो बोलता बोलता थांबला, उठला, भिंतीला धरून कणगीच्या आड गेला आणि श्वास रोखून उभा राहिला. बाहेरून बाईचा आवाज आला, "मामंजी, पेज ठेवलीय हो." शेजारच्या दिराची सून होती. ती रोज पेज आणून ठेवते, तिला सगळं ठाऊक आहे, सगळ्या वाडीला सगळं ठाऊक आहे. पावलं लांब जाईपर्यंत तो हलला नाही. मग बाहेर येऊन पूर्वीच्या जागी बसला.

मी विचारलं, "आता कशाला आत जाता? कुणाची भीती आहे?"

"भीती नाय," तो म्हणाला. "ही सवय तिची हाय. माजी नाय."